दगड क्रमांक एकशे सत्तेचाळीस

वर्षातून मोजके दिवस, तेही पौर्णिमेच्या ओहोटीला,
तो खडक पाण्याबाहेर पाठ काढतो.
आमच्या ब्रेटनमध्ये त्याला गाझेग म्हणतात, म्हणजे घोडी.
लाथ मारते म्हणून.

पहिल्या उन्हाळ्यात काम झालं एकोणीस तास.
एकोणीस तासांत खडकाला तेरा भोकं
आणि एका गवंड्याची दोन बोटं गेली.
भोकं सरकारी वहीत आहेत.
बोटं आज्यानं सांगितली.

आजा पाथरवट. गुल्वेन त्याचं नाव.
खाडीकाठच्या पडवीत ग्रॅनाइट घडवायचा,
गुलाबीसर, अभ्रकाचे कण चमकणारा,
उलट्या हातानं चाचपला तर खवल्यासारखा ओरखडणारा.
प्रत्येक दगडाला खाच, खाचेत शेजारच्याची जीभ,
समुद्राला नख घालायला जागा उरू नये अशी.
अख्खा थर आधी जमिनीवर रचायचा,
आकडे घालायचे, मोडायचा, नावेत भरायचा.
म्हणजे तो मनोरा दोनदा बांधला गेला,
एकदा बटाट्याच्या शेतात.
पोरं त्यात लपाछपी खेळत.

गावाला मनोरा नकोच होता.
घरातलं टेबल नॉर्वेच्या जहाजाचं दार,
पाळणा पोर्तुगीज वाइनच्या पिंपाचा,
आणि वारा फिरला की पणजी सोआझिग
पोती झटकून दाराशी ठेवायची.
"सरकार दिवा देतंय," ती म्हणायची.
"मग आता खायचं काय? उजेड?"

त्या फेब्रुवारीत
रात्री घोडीवर लाकूड फुटल्याचा आवाज आला.
सगळे धावले, कंदील, पोती, गळ घेऊन.
सोआझिग सगळ्यांच्या पुढं.
लाटेनं तिच्या पायाशी एक वल्हं टाकलं,
मुठीला सुतळी गुंडाळलेलं.
ती सुतळी तिनंच गुंडाळली होती,
धाकट्याच्या तळव्याला फोड येतात म्हणून.

पोतं तिनं डोक्यावर उलटं घेतलं
आणि पावसात घरी आली. रिकामी म्हणता येणार नाही.
मनोऱ्याविरुद्ध पुन्हा बोलली नाही.
दिवा लागला त्या रात्री मात्र
समुद्राकडची खिडकी तिनं फळ्या ठोकून बंद केली.

अकराव्या थरात, दगड क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
त्याच्या आतल्या अंगाला,
जिथं चुना बसणार, वर दुसरा दगड बसणार,
आज्यानं भावाचं नाव कोरलं. माओदेझ.
देखरेखीचा साहेब पॅरिसचा, बोटं फिरवून म्हणाला,
"हे ओरखडे कसले?"
"चुना धरायला," आजा म्हणाला.
साहेबानं वहीत लिहिलं: ठीक.

टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो म्हणतात.
आमच्याकडं झाला नाही.
झाला एक दिवा,
आणि न वाचण्यासाठी कोरलेलं एक नाव.
आठ वर्षांची होते मी, त्यानं सांगितलं तेव्हा.
त्याला श्वास पुरत नव्हता, तरी आकडा दोनदा सांगितला.

आता वर कुणी राहत नाही.
तीन झोत, मग काळोख, मग पुन्हा तीन.
मी मोजत नाही; त्र्याऐंशी वर्षांत ते आपोआप मोजलं जातं.
फळ्या आईनं काढल्या,
खिळ्यांची भोकं चौकटीत अजून आहेत.

परवा तंत्रज्ञ रिवाल हेलिकॉप्टरनं जाऊन आला.
फोनवर फोटो दाखवला, ओला दगड, केसाएवढी भेग.
"अकरावा थर, आजी. वसंतात भरून टाकू."
कुठला दगड ते विचारायचं होतं.
चष्मा पुसत राहिले.

"नीट भर," म्हटलं. "आत माणूस आहे."
म्हातारी बरळतेय असं वाटलं असावं त्याला.
हो म्हणाला, कॉफी संपवली,
आणि कप ठेवला टेबलावर
नेमका त्या जुन्या दाराच्या किल्लीच्या भोकावर.